जुन्या बसमध्ये ट्रकचं डिझेल इंजिन: कामाच्या नोंदी

बस पुढे इंजिन असलेली, लॅडर चासीची, एअर ब्रेकची आणि २४ व्होल्टची. मूळ इंजिन सहा सिलेंडरचं, टर्बो नसलेलं. त्याच्या हेडला (सिलेंडरवरच्या झाकणाला) तडा गेला आहे आणि ते हेड आता कुठेच मिळत नाही. बॉडी, पाटे, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स सगळं धड असताना एका हेडपायी अख्खी बस भंगारात घालणं आम्हाला मान्य नाही, म्हणून हे काम हाती घेतलं. जे हे काम करणार आहेत त्यांच्यासाठी नोंदी लिहून ठेवतो आहे. इंजिन बदलण्याची लेखी परवानगी कामाआधीच वाहन नोंदणी कार्यालयातून घ्यावी. चासीवर वेल्डिंग झाल्यावर अर्ज केला तर नकार मिळाल्यास मागे फिरता येत नाही.

७ ऑक्टोबर

इंजिन ठरलं: कमिन्स ६बीटी. ५.९ लिटर, १०२ मिमी बोअर (सिलेंडरचा व्यास), १२० मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल). १९८०च्या दशकापासून हे इंजिन ट्रक, बस, शेतीची यंत्रं, जनरेटर, बोटी अशा सगळ्या ठिकाणी बसलेलं आहे, त्यामुळे सुटे भाग मिळण्याची चिंता नाही. नावातला ‘टी’ म्हणजे टर्बो. ‘बीटीए’मध्ये टर्बोनंतर हवा थंड करायची सोयही असते आणि ताकद जास्त मिळते. आम्ही मुद्दाम साधं बीटी घेतलं. २५०० आरपीएमला १६० हॉर्सपॉवर या बसला पुरेशी आहे. त्यापुढची ताकद गिअरबॉक्स, क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचे सांधे) आणि ब्रेक यांच्यावर येणार, आणि ते सगळं जुनंच राहणार आहे.

पाहिलेल्या इंजिनांपैकी एक बाहेरून अगदी हवं तसं होतं. पाटी वाचली तर जनरेटरचं निघालं. अशा इंजिनाच्या डिझेल पंपाचा गव्हर्नर (वेग मर्यादेत ठेवणारा भाग) १५०० किंवा १८०० आरपीएमवर घट्ट बांधलेला असतो, फ्लायव्हील (इंजिनामागचं जड चाक) आणि त्याचं हाउसिंगही वेगळं असू शकतं. स्वस्त दिसतं, पण पंप बदलून घेण्यातच फरक संपतो. पाटी वाचल्याशिवाय व्यवहार करू नये.

१६ ऑक्टोबर

जुनं इंजिन जागेवर असतानाच मापं घेतली. एकदा ते निघालं की ही मापं परत मिळत नाहीत. चासीच्या वरच्या कडेपासून क्रँकच्या मध्यापर्यंतची उंची, पुढून आणि मागून. फॅनचा मध्य आणि रेडिएटरचा मध्य. गिअरबॉक्सच्या फ्लँजचा कोन आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पिनियनचा (शाफ्टचा जोर घेणाऱ्या गिअरचा) कोन, दोन्ही ३ अंश. पुढच्या अ‍ॅक्सलच्या बीमपासून ऑइल चेंबरपर्यंतचं (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीपर्यंतचं) अंतर.

वेगाचा हिशेबही आजच करून घेतला. ९.००-२० टायरचा एक फेरा साधारण ३.१ मीटर, अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ५.८६, टॉप गिअर सरळ. २५०० आरपीएमला ताशी ७९ किमी येतात आणि ताशी ६० किमीला साधारण १,८९० आरपीएम. जुनं इंजिन २,४०० ला थांबायचं, म्हणजे फार फरक नाही. अ‍ॅक्सलला हात लावायची गरज नाही, हे कळल्यावर हायसं वाटलं.

२३ ऑक्टोबर

जुनं इंजिन बाहेर. ड्रायव्हरशेजारचं कव्हर, पुढची जाळी, रेडिएटर, पुढचा क्रॉसमेंबर सोडवून चेन-ब्लॉकने पुढूनच ओढलं. गिअरबॉक्स घोडीवर टेकवून ठेवला. प्रत्येक वायरला आणि पाइपला चिठ्ठी बांधली.

३० ऑक्टोबर

नवीन इंजिन आलं. बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनच्या रिंगांवरून खाली निसटणारा वायू) कमी, सगळ्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळ. या इंजिनाला लायनर नसतात, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. बोअर झिजलेला असता तर मोठ्या मापाला बोअरिंग किंवा स्लीव्ह, म्हणजे वेगळाच खर्च. तो वाचला.

पुढचं टायमिंग कव्हर उघडलं ते एका पिनेसाठी. गिअरकेस जागेवर धरणारी ही छोटी लोखंडी पिन वर्षानुवर्षांच्या थरथरीने बाहेर सरकू शकते आणि टायमिंग गिअरमध्ये पडली तर इंजिनाचं होत्याचं नव्हतं होतं. या इंजिनावर काम करणारे सगळे तिला ओळखतात. आमची पिन जागेवर होती. शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची जीभ बसवून तिला कायमची अडवली. इंजिन जमिनीवर असताना हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, बसमध्ये चढवल्यावर रेडिएटरपासून सगळं खोलावं लागतं.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर लावले: इनलेट ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१ मिमी. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. नोझल तपासून घेतले. पुढचं-मागचं ऑइल सील, सगळी पॅकिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट नवीन.

१३ नोव्हेंबर

दोन आठवडे फ्लायव्हीलच्या हाउसिंगमध्ये गेले. बसच्या गिअरबॉक्सचं बेलहाउसिंग (क्लचवरचं आवरण) एसएई ३ मापाचं (एसएई हे अशा जोडांचं ठरलेलं प्रमाण), इंजिनावर आलेलं हाउसिंग एसएई २. विकणाऱ्याने ‘बसतं’ म्हणून सांगितलं होतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात आणि दोन्हींना १२ बोल्टच असतात, म्हणून टेप लावूनच बघावं. एसएई ३ ला आतल्या खाचेचा व्यास ४०९.६ मिमी आणि बोल्टच्या वर्तुळाचा ४२८.६. एसएई २ ला तेच ४४७.७ आणि ४६६.७.

लेथवाल्याने मध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट टाकायचं सुचवलं. आम्ही नको म्हटलं. प्लेटच्या जाडीइतका गिअरबॉक्स मागे सरकतो, इनपुट शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या मध्यातल्या पायलट बेअरिंगमध्ये अर्धवटच जातं, आणि काही महिन्यांत बेअरिंग ओरडायला लागतं. थांबून एसएई ३ चं हाउसिंग आणि त्याला जुळणारं फ्लायव्हील मिळवलं.

हाउसिंग लावल्यावर क्रँकला डायल गेज बांधून ते मध्याशी किती जुळतं ते पाहिलं. आमची मर्यादा ०.२० मिमी. पहिल्यांदा ०.३४ आलं. बोल्ट किंचित ढिले करून, रबरी हातोडीने सरकवत ०.१५ वर आणलं आणि मग कसलं. हे न बघता चढवलं तर क्लच प्लेटचा मधला भाग फाटतो आणि दोष बिचाऱ्या क्लचवर जातो.

क्लच प्लेट जोडून घ्यावी लागली: मधला हब आपल्या गिअरबॉक्सच्या स्प्लाइनचा, बाहेरचा व्यास नव्या फ्लायव्हीलचा. गिअरबॉक्सच्या पाटीवरचा टॉर्क इंजिनाच्या टॉर्कपेक्षा जास्त आहे हे आधीच पाहिलं होतं, नसता तर ट्रकचाच गिअरबॉक्स घेतला असता.

२७ नोव्हेंबर

इंजिन चासीत लटकवून पाहिलं आणि अडलं. ट्रकच्या इंजिनाचं ऑइल चेंबर पुढे खोल आहे. बसमध्ये नेमक्या तिथेच पुढच्या अ‍ॅक्सलची बीम येते. बस उभी असताना बोटभर फट दिसते, पण खड्ड्यात पाटे पूर्ण दबले की बीम चेंबरला भिडणार. बंप स्टॉप काढून अ‍ॅक्सल जॅकने वर दाबून पाहिलं, भिडलीच.

या इंजिनाला मागे खोल असलेलं चेंबरही येतं. ते शोधलं, लवकर मिळणार नाही असं कळलं. मिस्त्री म्हणाले, “थांबू या, चेंबर आलं की बसवू.” मला काम थांबवायचं नव्हतं. पुढच्या माउंटिंगखाली पोलादी ठोकळे देऊन इंजिनाचं नाक ४५ मिमी वर घेतलं. आता अ‍ॅक्सल पूर्ण दाबली तरी २५ मिमी जागा राहते.

११ डिसेंबर

इंजिन बसलं. माउंटिंगचे ब्रॅकेट १० मिमी प्लेटचे, चासीला बोल्टने. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांना भोकं पाडली नाहीत, फक्त उभ्या बाजूला. तिथेच ताण सगळ्यात कमी असतो.

टर्बोच्या बाहेरचा पाइप चासीच्या आतल्या कडेला घासत होता, म्हणून कोपर कापून फिरवलं. टर्बोच्या लगेच पुढे लवचीक बेलो दिला आणि सायलेन्सरचं वजन चासीवर टांगलं. ते टर्बोवर लोंबकळलं तर हाउसिंगला तडे जातात. ड्रायव्हरच्या पायाजवळून जाणाऱ्या पाइपावर पत्र्याचं आवरण, पत्रा आणि पाइप यांच्यात हवेची फट.

एअर फिल्टर मोठा घेतला. टर्बोचं इंजिन जुन्या इंजिनापेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतं. हवा घ्यायचं तोंड छपराजवळ नेलं, चाकांच्या धुळीपासून आणि रेडिएटरच्या गरम वाऱ्यापासून दूर.

स्टिअरिंगचा पंप ट्रकचाच ठेवला, पण त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह बसच्या स्टिअरिंग बॉक्सच्या पाटीवरच्या दाबाइतका बदलून घेतला. पंप जास्त दाबाचा आणि बॉक्स जुना, ही जोडी रस्त्यावर माणसं घेऊन जाणाऱ्या गाडीत चालणार नाही.

२१ डिसेंबर

इंजिन बंद करणारं सोलेनॉइड जळलं. त्यात दोन कॉइल असतात. एक दांडा ओढते, ती जबर करंट घेते आणि क्षणभरासाठीच असते. दुसरी ओढलेला दांडा धरून ठेवते, तिला जेमतेम एक अँपिअर लागतो. आमच्या वायरिंगमध्ये दोन्ही चावीच्या ‘ऑन’वर जोडल्या गेल्या. काही मिनिटांत धूर.

नवीन आणून ओढणारी कॉइल रिलेमार्फत सेल्फच्या वायरवर घेतली, म्हणजे सेल्फ मारतानाच तिला करंट मिळतो. धरणारी चावीवर. शिवाय दांड्याची लांबी अशी लावली की पंपाची लीव्हर आणि दांडा दोघंही एकाच वेळी शेवटापर्यंत पोचतात. दांडा मध्येच अडकला तर धरणारी कॉइल त्याला धरू शकत नाही आणि इंजिन चालता चालता बंद पडतं.

सेल्फ मंद फिरत होता आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागली. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, त्याला चासीशी जोडणारी जाड अर्थची पट्टी हवी. ती नसली की सेल्फचा सगळा करंट मिळेल त्या वाटेने जातो, इथे केबलमधून जात होता. पट्टी लावली, सेल्फ लगेच सुधारला.

५ जानेवारी

इंजिन सुरू झालं.

आधी डिझेल बंद ठेवून, ऑइलच्या दाबाचा काटा हलेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारला. टर्बोच्या ऑइल पाइपमध्ये तेल ओतून ठेवलं होतं. मग हँड प्रायमरने हवा काढली. तरी पुन्हा पुन्हा हवा धरायची. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा एक तुकडा टाकला तेव्हा बुडबुडे दिसले आणि मागोमाग जात टाकीतल्या उभ्या पाइपापर्यंत पोचलो. तो आतून गंजून वरच सच्छिद्र झाला होता, टाकी अर्धी असली की तिथून हवा ओढायचा. टाकी उतरवून धुतली, पाइप नवीन घातला, आधी पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला.

बराच काळ पडून राहिलेल्या इंजिनाला पहिल्यांदा सुरू करताना एक माणूस प्लायवूडचा तुकडा घेऊन टर्बोच्या तोंडाशी उभा करावा. पंपाचा रॅक (डिझेल किती जायचं ते ठरवणारी दांडी) फुल डिझेलवर अडकलेला असला तर इंजिन पळत सुटतं, मग चावी काढूनही थांबत नाही. हवा तोडणं हाच उपाय. हाताने किंवा फडक्याने तोंड झाकायचा विचारही करू नये, टर्बो ते ओढून घेतो. आमचं इंजिन शांतपणे आयडलवर बसलं, पण फळी हातात होती.

१९ जानेवारी

पहिल्यांदा रस्त्यावर, रिकामी बस. उठाव नाही. जुन्या इंजिनापेक्षाही सुस्त. डिझेल फिल्टर, टर्बो, नोझल, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पंपाच्या लीव्हरकडे शेवटी पाहिलं. पेडल जमिनीला टेकलं तरी लीव्हर फुलच्या स्टॉपपासून बरीच अलीकडे राहत होती. बसच्या पेडलची चाल कमी आणि पंपाच्या लीव्हरची जास्त. पेडलखालच्या बेलक्रँकवर (चाल वळवणाऱ्या लीव्हरवर) जोडाचं भोक बाहेर पाडून चाल वाढवली. पेडलला स्वतःचा स्टॉपही दिला, नाहीतर ड्रायव्हरच्या पायाचा सगळा जोर पंपावर जातो. आता उठाव असा आहे की तिसऱ्या गिअरचा चढ चौथ्यात निघतो.

२ फेब्रुवारी

लांब चढावर तापमान १०० च्या वर गेलं आणि रेडिएटरने पाणी फेकलं. सपाटीवर काही त्रास नाही.

१६ फेब्रुवारी

रेडिएटर चोंदला असेल म्हणून उतरवून साफ करून घेतला. वेळ आणि खर्च दोन्ही वाया, तो स्वच्छच होता. आधी वरच्या आणि खालच्या होजचं तापमान मोजायला हवं होतं. भरपूर भारावर दोन्हींत मोठा फरक असला तर पाणी हळू फिरतंय. फरक कमी आणि दोन्ही गरम, तर पाणी फिरतंय पण हवा कमी पडतेय. आमच्याकडे फरक जेमतेम ३ अंश. म्हणजे हवा.

फॅनच्या मागे उभं राहिल्यावर कारण समोर दिसलं. रेडिएटर बसच्या मूळ जागी, खाली. फॅन ४५ मिमी वर. रेडिएटरच्या खालच्या पट्ट्यातून हवा ओढलीच जात नाही, आणि वरच्या बाजूला फॅनची पाती कोअरच्या वर, मोकळ्या हवेत फिरतात. श्राउड (फॅनभोवतीचं आवरण) तर लावलाच नव्हता, कारण जुना बसत नव्हता.

पत्र्याचा नवीन श्राउड केला: पेटीसारखा, फॅनची पाती निम्मी आत, निम्मी बाहेर. टोकांना सगळीकडून २० मिमी फट. श्राउड रेडिएटरला बांधलेला, फॅन इंजिनावर, आणि इंजिन रबरावर डुलतं. म्हणून फट याहून कमी ठेवली नाही. रेडिएटरच्या चारही बाजूंनी रबरी पट्ट्या लावल्या, म्हणजे मागची गरम हवा फिरून पुढे येत नाही. सुधारणा झाली. चढ निम्मा पार होतो, मग काटा पुन्हा वर.

२८ फेब्रुवारी

पाणी अजूनही कमी होत होतं, गळती मात्र कुठेच नाही. बस थंड असताना कॅप काढावी तर रेडिएटर भरलेला, आणि हेडमधून मात्र गुळगुळ आवाज. हवा हेडमध्ये कोंडली आहे. थर्मोस्टॅटचं हाउसिंग आता रेडिएटरच्या वरच्या टाकीपेक्षा उंच आहे. मूळ बसमध्ये रेडिएटरची टाकी सगळ्यात उंच असायची, हवा आपोआप तिथे जमायची. आता ती हेडमध्ये जमते, तिथे वाफ होते आणि वाफ पाणी ढकलून बाहेर फेकते.

वेगळी हेडर टाकी केली, ड्रायव्हरच्या पुढे, इंजिनाच्या सर्वांत उंच भागापेक्षाही वर. थर्मोस्टॅट हाउसिंगमधून एक बारीक व्हेंट पाइप टाकीत, रेडिएटरच्या वरच्या टाकीतून दुसरा, दोन्ही पूर्ण लांबीभर चढते. मध्ये कुठे खोलगट भाग राहिला की पाणी साचतं आणि व्हेंट बंद पडतो. टाकीच्या तळातून जाड पाइप वॉटर पंपाच्या ओढीकडे. प्रेशर कॅप हेडर टाकीवर, रेडिएटरच्या तोंडावर साधं झाकण. ०.५ बारच्या कॅपने पाणी साधारण १११ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी फेकणं बंद झालं. काटा अजून वरच राहतो, पण थांबतो.

१४ मार्च

ताशी ५०-६० किमीला पूर्ण तळ थरथरतो. प्रवासी बसले की जाणवतंच. प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स करून घेतला, क्रॉस बदलले, दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे फाटे) एका रेषेत आहेत ते पाहिलं. फरक नाही. मग कोन मोजले. इंजिनाचं नाक वर गेल्यामुळे गिअरबॉक्सची शेपटी खाली कलली आहे: ५.६ अंश. पिनियन ३ अंशांवरच. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन जवळपास सारखे असले तर एकाने केलेली वेगाची चढउतार दुसरा रद्द करतो. इथे एक अंशापेक्षा बराच जास्त फरक. मागचं माउंटिंग २० मिमी उचलून थोडा कमी झाला, पण आता गिअरबॉक्सचं झाकण तळाच्या पत्र्याला घासायला लागलं.

२१ मार्च

मिस्त्रींनी सगळ्या नोंदी टेबलावर मांडल्या. गरम होणं, हेडमधली हवा, थरथर, झाकणाचं घासणं: चारही गोष्टी त्या ४५ मिमीपासून निघालेल्या आहेत. २७ नोव्हेंबरला चेंबरसाठी थांबलो असतो तर यातलं काहीच झालं नसतं. तो निर्णय माझा होता. मागे खोल असलेलं चेंबर दरम्यान उपलब्ध झालं आहे. इंजिन खाली आणायचं ठरलं.

१० एप्रिल

इंजिन मूळ उंचीवर.

चेंबरबरोबर ऑइल ओढणारा पाइप बदलावाच लागतो, नाहीतर तो जुन्या खोलगट जागी तोंड करून राहतो, तिथे आता तेल नसतं. डिपस्टिकची खूणही चुकीची होते. रिकाम्या इंजिनात नव्या चेंबरच्या मापाचं तेल ओतलं, इंजिन क्षणभर चालवून थांबवलं, तेल खाली उतरू दिलं आणि तिथे नवीन खूण केली. जुनी खूण घासून काढली, म्हणजे पुढे कोणी फसणार नाही.

पुढचे ठोकळे काढले, मागचे २० मिमी काढले. गिअरबॉक्सचा कोन ३.१ अंश. फॅन रेडिएटरच्या मध्यावर. श्राउडचं भोक खाली घ्यावं लागलं, पत्रा पुन्हा कापला. व्हेंट पाइप नव्याने वाकवले. हेडर टाकी मात्र ठेवली, ती चांगलीच आहे. एक्झॉस्टचं कोपर पुन्हा कापावं लागलं.

तोच चढ, बस भरलेली, दुपारची वेळ: तापमान ९२ वर स्थिर. होजमधला फरक ७ अंश. तळ शांत.

२५ एप्रिल

एअर टाक्यांच्या ड्रेनमधून पाण्याबरोबर तेल येऊ लागलं. कॉम्प्रेसर झिजलाय असं सगळ्यांचं मत पडलं. कॉम्प्रेसर उतरवण्याआधी त्याचा हवा ओढायचा पाइप पाहिला: बारीक, लांब, दोन ठिकाणी चपटा झालेला. हवा मिळाली नाही की कॉम्प्रेसरच्या सिलेंडरमध्ये ओढ तयार होते आणि ती रिंगांवरून तेल वर खेचते. जाड, आखूड पाइप एअर फिल्टरच्या स्वच्छ बाजूपासून दिला. टाक्या रिकाम्या केल्या, ड्रायरचं काडतूस बदललं. तेल बंद. दाब भरायलाही आता कमी वेळ लागतो. बाहेर पडणारा पाइप आधीच धातूचा आणि टाकीकडे उतरता ठेवला होता. तो खूप तापतो, तिथे साधा नायलॉनचा पाइप कधीच वापरू नये.

१८ मे

बस नियमित चालू आहे. डिझेलचा खप जुन्या इंजिनापेक्षा कमी, नेमका आकडा पुढे लिहीन. थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा मोजले, दोन एक्झॉस्ट किंचित घट्ट झाले होते, लावले. माउंटिंगचे, एक्झॉस्टचे आणि शाफ्टच्या फ्लँजचे सगळे बोल्ट पुन्हा कसले. शाफ्टचे दोन बोल्ट अर्धा फेरा फिरले.

खर्चाबद्दल विचारतात म्हणून: इंजिन, त्याची पॅकिंग, नोझल हे मिळून एकूण खर्चाच्या निम्म्याहून कमी. उरलेलं हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, रेडिएटरची नळ-जोडणी, दोनदा केलेला श्राउड, दोनदा कापलेलं एक्झॉस्ट, प्रोपेलर शाफ्ट आणि वेल्डरची मजुरी यांत गेलं. अंदाजपत्रक करताना इंजिनाची किंमत धरून गप्प बसू नये. मापं पूर्ण झाल्याशिवाय इंजिन विकत घेऊ नये, आणि ऑइल चेंबर कुठल्या बाजूला खोल आहे हे विकणाऱ्याला सगळ्यात आधी विचारावं.

राहिलेली कामं: तापमानाचा मीटर जुना आणि सेन्सर नवीन, दोघांचं गणित जुळत नाही, काटा ५ अंश जास्त दाखवतो. वर दिलेली सगळी तापमानं वेगळ्या थर्मामीटरची आहेत. जुळणारा सेन्सर मागवला आहे. टॅकोमीटर अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवर जोडायचा आहे. ड्रायव्हरशेजारच्या कव्हरच्या आतून आवाज रोखणारं जाड अस्तर लावायचं आहे, पण टर्बोच्या बाजूला न पेटणारंच. ते मिळेपर्यंत ती बाजू उघडी ठेवतो आहोत.